काळ्या पट्ट्याखालची विहीर

अमरावती,
रविवार, १८ मे २००८

प्रिय देवीदासभाऊ,

आदाब आणि नमस्कार.

"खोडाचं असन तं पुरं खोड, नाही तं राहू दे." तुम्ही हे म्हणालात तेव्हा मला ऑफिसात लागून महिनाही झाला नव्हता. ट्रेसिंगवरची चुकलेली रेघ मी अर्ध्या ब्लेडनं वरवर खरवडली होती आणि साहेब यायच्या आत उरकावं म्हणून तिच्यावरच दुसरी ओढली होती. तुम्ही कागद खिडकीशी धरलात. उजेडात दोन्ही रेघा दिसल्या. तुम्ही रागावला नाहीत, नवं ब्लेड मोडून अर्धं माझ्या हातात दिलंत.

इकडे ऊन फार आहे. अब्बा दुपारभर कूलरसमोर बसून कूलरलाच शिव्या देतात. तुमची आठवण काढतात. "तो देवीदास शिरखुर्म्याचा डबा घेऊन गेला, तो डबा काही परत आला नाही," असं दर ईदेला म्हणतात. डबा ठेवा, भाऊ. बोलायला एक निमित्त राहतं. सुभद्रावहिनींची तब्येत आता कशी आहे? त्यांच्या ऑपरेशनच्या वेळी अकोल्याला भेटलो, ती आपली शेवटची भेट. चंदाचं लग्न ठरल्याचं कळलं. फार आनंद झाला. पत्रिका आली नाही, पण येईल असं धरून चालते.

शुक्रवारी तुमचा फोन आला तेव्हा मला आधी तेच वाटलं, लग्नाचं बोलावणं. तुम्ही म्हणालात, "शकीला, त्या बोरझरीच्या नकाशात माहं नाव हाये. ते पुसून टाक."

मी विचारलं, "काहून?" इतक्या वर्षांत तुमच्याशी बोलता बोलता माझ्याही तोंडात बसलंय ते.

"आता मी इथं तेल्हाऱ्याले नोकरीत हावो. पोरीचं लगन हाये. जुनं उकरून काय करतं?" एवढं बोलून तुम्ही फोन ठेवलात.

हे काम माझ्याकडे कसं आलं ते तुम्हाला माहीत नसेल. विदर्भाच्या सरकारी पॅकेजमधल्या सगळ्या तलावांचे नकाशे आता लोकांना पाहता येतील असे संगणकावर टाकायचे आहेत. कुणीतरी माहितीच्या अधिकारात मागितले होते. शेतकऱ्यांची नावं, जमिनीचे भाव दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर काळे पट्टे मारून पीडीएफ केल्या होत्या. दुसऱ्या एका जिल्ह्यात एका वार्ताहरानं पट्ट्यावरून माउस फिरवला, कॉपी केलं, दुसरीकडे चिकटवलं, आणि सगळी नावं-भाव बाहेर आले. पट्टा फक्त वरून असतो, भाऊ. अक्षरं खाली तशीच राहतात. नकाशातला एखादा थर, लेयर, बंद करून ठेवला तरी कधी कधी तो फाइलीबरोबर जातो. तेव्हापासून शेषरावसाहेबांची झोप उडाली आहे. म्हणाले, "शकीलाबाई, सगळ्या फाइली मुळातून साफ करा. पुढच्या सोमवारी जायच्या आहेत."

म्हणून बोरझरीच्या तलावाची फाइल उघडली. शोधायच्या चौकटीत 'विहीर' असं लिहिलं. तलावाच्या मातीच्या पाळीच्या मधोमध असलेल्या काळ्या पट्ट्याचा एक तुकडा निळा झाला.

तुमची टीप होती, नावांमुळे पट्ट्याखाली गेलेली. 'येथे जुनी बुजवलेली विहीर. पाळीचा भराव टाकण्यापूर्वी पूर्ण उपसून, खालपासून थराथराने दाबून भरणे आवश्यक. माहिती : पुंजाजी, बोरझरी.' खाली तुमचं नाव. ती टीप मीच टाईप केली होती, तुम्ही मागे उभे राहून सांगत होता. 'आवश्यक'च्या जागी मी 'इष्ट' लिहिलं होतं आणि तुम्ही म्हणाला होतात, "इष्ट काय? लग्नाची पत्रिका हाये का ते?"

पुंजाजींचं नाव मी शुक्रवारीच संध्याकाळी काढलं. पट्टा मारून नाही. मूळ ड्रॉइंगमधून ते अक्षर न् अक्षर खोडलं, नवी पीडीएफ केली, पुन्हा शोधलं, सगळा मजकूर निवडून कोऱ्या पानावर चिकटवून पाहिला. कुठंच नाही. गरीब माणूस आहे, उद्या ठेकेदार त्याच्या दाराशी जायला नको. नाव असं खोडायचं असतं हे मला पटतं.

मग तुमच्या नावाशी आले आणि माझा हात थांबला.

शनिवारी मी साहेबांना त्या टिपेबद्दल विचारलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी कपाटातून कागद काढून दाखवला. "अहो, देवीदासनंच नंतर लिहून दिलंय. विहीर उपसून भरली, समक्ष पाहिले. ही बघा सही. मग ती जुनी टीप ठेवून काय उपयोग? उगाच घोळ."

सही तुमचीच आहे. 'दे'ची मात्रा तुम्ही ओढता तशीच ओढलेली.

आज सकाळी मी बोरझरीला जाऊन आले. अब्बांना वलगावला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं. एस.टी.तून उतरल्यावर चालत गेले, चपलेचा अंगठा तुटला. पुंजाजींची बायको माणिकबाई अंगणात होती. "हापिसातली बाई न् चप्पल हातात? आमाले वाटलं भांडाले आली," म्हणाली, आणि आधी पाणी दिलं. पुंजाजींना मी विहिरीचं विचारलं.

"कोनं उपसली?" ते म्हणाले. "एक टरक गोटे टाकले, वरतून माती लोटली न् गेले. ते देवीदास सायेब आले असते तं मी त्याइले दाखवलं असतं. ते आलेच नाहीत."

मला पाळीवर नेलं. भाऊ, पाळीची पाठ तिथंच खोलगट झाली आहे. एक भेग आहे. पुंजाजींनी माझ्या हातात कपाशीच्या पऱ्हाटीची लांब काडी दिली आणि म्हणाले, "टाका." मी घातली. कोपरापर्यंत हात भेगेत गेला, तरी काडी कुठंच टेकली नाही. सोडली तर आत निघून गेली. माणिकबाई मागून म्हणाली, "यंदा पाणी अडवतीन म्हंतात. आमी मंग निजाचं कुठं?" त्यांची घरं पाळीच्या अगदी खाली आहेत, तिथून चुलीचा धूर दिसत होता.

परत येताना गाडीत मी एकच गोष्ट मनात उलटसुलट करत होते. ती न लिहिता हे पत्र संपवावं असं वाटत होतं. वर वहिनींच्या तब्येतीचं विचारून पुढे गेले तेही त्यामुळेच.

'समक्ष पाहिले' या कागदावर जी तारीख आहे, ती वहिनींच्या ऑपरेशनची आहे. त्या दिवशी मी मुगाची खिचडी घेऊन दवाखान्यात आले होते. तुम्ही सकाळपासून ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसून होता, चहासुद्धा घेतला नव्हता. ठेकेदाराचा माणूस फाइल घेऊन आला, तुमच्या गुडघ्यावर ठेवली. तुम्ही दाराकडे बघत सही केली. मला वाटलं, दवाखान्याचेच कागद असतील. आज कळलं ते काय होतं. तुम्हाला त्याच आठवड्यात कळलं असणार, कारण पुढच्या महिन्यात तुम्ही रजेवरूनच नोकरी सोडलीत आणि माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीत.

मी तुम्हाला दोष देत नाही. त्या बाकावर मी असते तर मीही सही केली असती. पण ती सही कपाटात आहे, आणि तिच्या विरुद्ध बोलणारी एकच ओळ पट्ट्याखाली आहे. ती तुम्ही मला पुसायला सांगता. मी तुमच्यासारखंच पुरतं खोडते, भाऊ. माझ्या हातून ती गेली की कोणाच्याही शोधण्यानं परत यायची नाही.

तुमचं नाव मी काढीन. चंदाच्या मांडवात कुणी कागद घेऊन यावं असं मलाही वाटत नाही. विहिरीची ओळ मात्र उघडी ठेवीन, पट्ट्याशिवाय, खाली माझं नाव घालून. साहेब विचारतील, बाई, तुम्हाला पाळीतलं काय कळतं? खरंच आहे. मी नकाशे काढणारी. माझ्या नावावर कोणी पाणी अडवायचं थांबवणार नाही. तुमच्या नावावर थांबवतील.

म्हणून मागते. गुरुवारी सकाळच्या गाडीनं बोरझरीला या. मी फाट्यावर थांबते. त्या भेगेत एक काडी स्वतःच्या हातानं टाकून पाहा, आणि तिथंच दोन ओळी लिहून द्या की ती सही न पाहता केली होती. त्या घेऊन साहेबांसमोर मी जाईन, तुम्ही येऊ नका.

तुम्ही नाही म्हणाल. फोनवरचा तुमचा आवाज ऐकला तेव्हाच मला ते कळलं होतं. तरी फाट्यावर मी थांबणार आहे, दुपारच्या गाडीपर्यंत. येताना डबाही आणा.

तुम्ही दिलेलं अर्धं ब्लेड अजून जपून ठेवलेली,
तुमची बहीण
शकीला