साठ मैलांवरची दरी

विल्यम्स, अ‍ॅरिझोना
११ मार्च १९८४

चि. रोसेंदो यास अंपारोचे अ. उ. आ.

देवाच्या कृपेने आम्ही मायलेकी ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आईचे हात ठीक, पाय ठीक, आणि जिभेचं तर विचारूच नकोस. परवाच तुझ्या ओतिलियाच्या हातच्या तमालेंना नावं ठेवून झाली. डोळे मात्र ठीक नाहीत. फ्लॅगस्टाफच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा गेल्यातच जमा आहे, उजव्यात थेंब घालतोय. वर्ष निघेल म्हणाले, तेही खात्रीने नाही. फोनवर सांगितलं असतं, पण फोन आपल्या मोटेलच्या काउंटरवर आणि आई सदा फोनच्या शेजारी.

परत येताना गाडीत ती एकदम म्हणाली, दिसेनासं व्हायच्या आधी एकदा कॅन्यन बघून घ्यावं म्हणते. मी विचारलं, आता कितव्यांदा? तर म्हणाली, पहिल्यांदाच की.

अरे, आपल्या आईने ग्रँड कॅन्यन पाहिलेलंच नाही! तीस वर्षं काउंटरवर उभी राहून ती येईल त्याला सांगते आहे की मॅथर पॉइंटला फार गर्दी, तुम्ही सरळ पूर्वेला लिपान पॉइंटला जा, ऊन उतरायला लागलं की उभे राहा, तिथून नदी दिसते, आणि अंगात स्वेटर असू द्या. हे सगळं तिने परतलेल्या गिऱ्हाइकांना खोदून खोदून विचारून गोळा केलेलं. मी लग्नानंतर इथे परत येईपर्यंत इतकी वर्षं विन्स्लोला होते. तेवढ्यात कधीतरी जाऊन आली असेल, असं मी धरून चालले होते. पण उन्हाळ्यात नऊच्या नऊ खोल्या भरलेल्या आणि हिवाळ्यात बाबांचं आजारपण, जाणार कधी? आपल्या गावाचं माहीतच आहे तुला. दरी काय पळून जाते, असं म्हणत म्हणत माणसं म्हातारी होतात. समोरच्या पेट्रोल पंपावरचा लेदेस्मासुद्धा अजून गेलेला नाही.

मी उद्याच नेते म्हटलं. पण तिचं म्हणणं, रोसेंदोने नेलं तर जाईन, त्याच्याच गाडीतून. लाडका लेक ना तू! तेव्हा बाबा रे, ये. तुझी पत्रं मी तिला वाचून दाखवते, पण तिच्याविषयी काही लिहायचं असेल तर वेगळ्या कागदावर लिही.

लोभ आहेच, पण या खेपेला नुसत्या लोभावर भागणार नाही.
तुझी अंपारो


फ्रेस्नो, कॅलिफोर्निया
२ एप्रिल १९८४

ती. अंपारोताईस सा. न. वि. वि.

(हा वेगळा कागद.) तुझं पत्र ओतिलियाला वाचायला दिलं, तर ती रडली. तमालेंची ओळ आधीच खोडून ठेवली होती, नाहीतर रडणं वेगळ्या कारणाने झालं असतं.

ताई, एकोणऐंशीचा ऑगस्ट आठवतो? आपण सगळे मुलांना घेऊन कॅन्यनला निघालो आणि मीच आईला म्हटलं, तू काउंटर सांभाळ, तुझं तर शंभरदा बघून झालंय. ती हसली. निघताना तिने आपल्या प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस काढला, मुलांच्या हाती बुरीतोंची पुरचुंडी दिली आणि रस्त्यापर्यंत येऊन हात हलवला. संध्याकाळी परतलो तर तिचे प्रश्न काही संपेनात. मी बूट काढता काढता म्हणालो, तुला काय सांगायचं? तिने पुन्हा विचारलं नाही.

जूनमध्ये शाळा सुटल्या की येतो. तोवर तू तिला नेऊ नकोस. इतकी वर्षं तिचं सगळं तूच केलंस, एवढं एक तरी माझ्या हातून होऊ दे.

तुझ्या रागासकट लोभाचा धनी,
रोसेंदो


विल्यम्स
८ जुलै १९८४

चि. रोसेंदो यास अ. आ.

तुझ्या ग्रासिएलाच्या पंधराव्या वाढदिवसाचा थाट झोकात झाला म्हणे. पोरीचा फोटो मिळाला. आईने तो खिडकीशी नेऊन, मान वाकडी करून, उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिला आणि झगा निळा आहे का हिरवा, म्हणून मला विचारलं.

जून गेला. तू फोनवर ऑक्टोबर म्हणालास आणि ती गोड आवाजात चालेल, चालेल म्हणाली. तुला ते ऐकायला बरं वाटलं असेल. आता ती रजिस्टरात एका नावावर दुसरं नाव लिहिते. किल्ल्या बोटांनी चाचपून देते. गिऱ्हाइकांना कळत नाही, कारण लिपान पॉइंटचं ती अजून तसंच घडाघडा सांगते. काल एक शिक्षकबाई तिला म्हणाल्या, तुम्ही किती नशीबवान, वाटेल तेव्हा जाऊन बघता! आईने थँक यू म्हटलं.

ऑक्टोबर म्हणजे ऑक्टोबर.
तुझी वाट बघणाऱ्या दोघींतली एक,
अंपारो


फ्रेस्नो
२२ सप्टेंबर १९८४

ती. ताईस सा. न. वि. वि.

कोणत्या तोंडाने लिहू? द्राक्षं मनुकांसाठी वेलींच्या ओळींमध्ये कागदावर पसरलेली होती आणि वर पाऊस आला. ऐन वाळवणात पाऊस म्हणजे काय ते आईलाही ठाऊक आहे, तिनेही लहानपणी द्राक्षं खुडलीत. मालकाने सगळ्यांच्या रजा रद्द केल्या. मी मुकादम, मीच निघून गेलो तर माणसं थांबतील का? नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला नक्की येतो. मुलांची शपथ.

ताई, एक सांगतो. मी नेऊ नकोस म्हणालो होतो, तो माझा मूर्खपणा होता. तूच ने तिला. या आठवड्यात ने, उद्याच ने. माझी वाट बघू नका. मला काही वाटणार नाही. तिला दिसलं म्हणजे झालं.

उत्तराची वाट पाहतो.
अपराधी,
रोसेंदो


विल्यम्स
४ नोव्हेंबर १९८४

चि. रोसेंदो यास अ. आ.

गावाबाहेरून जाणारा नवा हमरस्ता गेल्या महिन्यात सुरू झाला. फीत कापली, भाषणं झाली, बँड वाजला. दुसऱ्या दिवशी आपल्या सहासष्ट नंबरच्या रस्त्यावर लेदेस्माचा कुत्रा मधोमध झोपला आणि दुपारपर्यंत त्याला कुणी उठवलं नाही. काल दोन खोल्या गेल्या, आज एकही नाही. आई अजून पाच वाजले की काउंटरवर जाऊन उभी राहते. पाटीचा दिवा लागलाय का, म्हणून विचारते. दिवा तिच्या डोक्यावरच असतो.

तिला आता दिवसाचा उजेड आणि रात्रीचा अंधार एवढंच कळतं.

तुझ्या सप्टेंबरच्या पत्राविषयी मी काही लिहीत नाही. थँक्सगिव्हिंगला ये. पोसोलेचा रस्सा करीन.
अंपारो


फ्रेस्नो
२७ नोव्हेंबर १९८४

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तू आमच्याबरोबर कड्यावर का आली नाहीस ते मी विचारलं नाही. काउंटरवर कुणीतरी हवं, असं तू म्हणालीस, पण नऊही खोल्या रिकाम्या होत्या. तुला बघवलं नसतं, असं मी समजलो. तिथे काय झालं ते तुझ्यासमोर सांगवलं नाही, म्हणून लिहितो.

तिला लिपान पॉइंटलाच नेलं. वारा खूप होता. दगडी कठड्याशी नेऊन तिचे दोन्ही हात त्यावर ठेवले. मग तिने विचारलं, नदी दिसते का? मी हो म्हटलं. कशी आहे? मी म्हटलं, बारीक आहे, मातकट आहे. आणि बाकीचं? मी म्हटलं, लाल आहे, खूप खोल आहे, खूप मोठं आहे. ती मान कलती करून थांबली. पुढे काहीतरी येईल, असं तिला वाटत होतं. ताई, माझ्याकडे पुढे काहीच नव्हतं!

एवढंच का, म्हणून तिने विचारलं. आयोवाचा एक पोस्टमन मागे चार नंबरच्या खोलीत उतरला होता. ढगांच्या सावल्या समोरच्या कड्यावरून कशा चढत जातात ते त्याने तासभर उभं राहून तिला सांगितलं होतं, म्हणाली. रागावून नाही, हसून म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. मी आजवर चारदा तिथे गेलो असेन. दर वेळी मुलांना कठड्याशी उभं करून फोटो काढले आणि गाडीत बसलो. मला डोळे होते तेव्हा मी पाहिलं नाही, आणि तिला डोळे होते तेव्हा मी नेलं नाही.

थंडी वाजते, चल, म्हणाली. गाडीत माझी बाही धरून बसली होती.

सगळा दोष माझा आहे. तू मात्र मनाला लावून घेऊ नकोस. तू तुझ्याकडून काही कमी केलं नाहीस.
लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागतो.
रोसेंदो


विल्यम्स
९ डिसेंबर १९८४

चि. रोसेंदो यास अंपारोचे अ. आ.

तुझं पत्र आल्यापासून धड झोप नाही. तू काही कमी केलं नाहीस, ही तुझी ओळ मला पचत नाही, म्हणून लिहिते.

रोसेंदोने नेलं तर जाईन, असं आई कधीच म्हणाली नव्हती. ते मी रचलं. फ्लॅगस्टाफहून येताना ती एवढंच म्हणाली होती की उद्या जाऊ या का. मला वाटलं, वीस वर्षं हा लांब राहून ख्रिसमसला कार्ड पाठवतो आणि आई त्या कार्डाचे मुके घेते. चादरी मी धुते, बाबांचं मी केलं, डोळ्यांत थेंब मी घालते. एकदा तरी याला इथे यायला लागू दे. आणि हा आला नाही, तर लाडका लेक कसा आहे ते तिला दिसू दे.

मग तू जून चुकवलास, ऑक्टोबर चुकवलास. रोसेंदो, दर वेळी मला आतून बरं वाटत होतं. त्याआधी एप्रिलमध्येच, बर्फ वितळल्यावर एका बुधवारी ती कोट घालून दारात उभी राहिली. आज गिऱ्हाईक कमी आहे, संध्याकाळपर्यंत परत येऊ, म्हणाली. उजव्या डोळ्याने तेव्हा तिला समोरच्या पंपावरचे आकडे वाचता येत होते. मी म्हटलं, रोसेंदोला वाईट वाटेल. तुझं नाव ऐकल्यावर तिने कोट काढून ठेवला. सप्टेंबरमध्ये तू उद्याच ने म्हणालास, तो कागद मी तिला वाचून दाखवला नाही. तेव्हाही थोडं दिसत होतं. मी तुझी वाट बघत नव्हते. तू चुकतोस कधी, त्याची वाट बघत होते.

हे मी तिच्यासमोर, त्याच टेबलावर बसून लिहिते आहे. एवढं काय लिहितेस, म्हणून तिने आत्ता विचारलं. मी म्हटलं, नेहमीचीच खुशाली. माझा आशीर्वाद लिही, म्हणाली, आणि लिहिते आहे की नाही ते कळावं म्हणून पेनाच्या आवाजाकडे कान देऊन बसली आहे. म्हणून लिहिते: आईचे तुला, ओतिलियाला आणि मुलांना अनेक आशीर्वाद.

माझ्यावरचा लोभ आता तुझ्या मनावर सोडते.
अंपारो