शेवग्याचा पाला, मांगूर मासे आणि माझा शांत स्वभाव

३ मार्च

यंदा प्रोफेसर व्हायचंच. ही शेवटची संधी, पुढच्या वेळी वय आड येईल. शिवाय आईने गावात मी झालोच म्हणून कधीचं सांगून टाकलंय. बाजारात बायका तिला 'प्रोफेसरची आई' म्हणूनच हाक मारतात. म्हातारीला तोंडघशी पाडणं शक्य नाही.

एकच पेपर कमी पडतोय, आणि त्यावर माझं नाव पहिलं हवं. दुसऱ्या नावाला आमच्याकडे कुणी विचारत नाही.

आज विद्यापीठाच्या तळ्यात मांगुराची चारशे पिल्लं सोडली. खाद्यात शेवग्याचा पाला. सोबतीला डॉ. अबुरिमे, होस्टेलपासूनचा मित्र. तो त्याच्या पेपरात माझं नाव घालतो, मी माझ्या पेपरात त्याचं. वाचत कुणीच कुणाचं नाही. अशा विश्वासावरच विज्ञान उभं असतं.

दुसरा संकल्प : कुणावर हात उचलायचा नाही. मुळात माझा स्वभाव शांतच आहे. चर्चमधल्या पास्टरना उगाच शंका. म्हणाले, राग आला की दहा आकडे मोजा.

९ मार्च

झेरॉक्सवाल्याच्या कानाखाली दिली. सातपर्यंत मोजलं होतं.

१६ मार्च

प्राध्यापकांचा बेमुदत संप. मागण्या रास्त आहेत, कोणत्या ते विचारायला हवं. गेटवरच्या पहाऱ्याचा प्रमुख म्हणून माझी एकमताने निवड. माणूस तोलून मापून वागणारा हवा होता, असं मी समजतो. घरून यामचे कंद कुटायचं मुसळ नेलंय. नुसतं हातात धरायला.

१९ मार्च

तळ्यावर माशांना खाद्य टाकणारा मोमोह पहाटे खाद्याचं पोतं डोक्यावर घेऊन गेटवर आला. म्हटलं, संप आहे. तर म्हणतो, साहेब, संप तुमचा, माशांनी काय घोडं मारलंय? हे मला उलट उत्तर वाटलं. एकच फटका, तोही पोटरीवर, तोही चपट्या बाजूने. मुसळाला चपटी बाजू नसते हे नंतर लक्षात आलं. पोतं टाकून लंगडत पळाला. परत फिरकणार नाही. संप शंभर टक्के यशस्वी.

११ एप्रिल

काल होस्टेलच्या दोन टोळ्यांत कोयते निघाले. एका पोराची बोटं गेली. ही हल्लीची पिढी. हिंसा यांच्यात येते कुठून कळत नाही.

घरी ओफुरे म्हणाली, गेटवर भांडून दमला असाल तर तळ्यावर एक चक्कर टाका, मासे जगलेत का बघा. बायकोला तत्त्व समजावून सांगत असताना ताट माझ्या हातून निसटलं. निसटून भिंतीवर फुटलं. त्यावर ओफुरेचा सांडशीचा हात निसटला. माझं मनगट टम्म सुजलंय. आज एवढंच.

२ जून

संप मिटला. मागण्या तशाच आहेत. तळं उपसलं. आणि काय सांगू! हाताएवढाले मांगूर! एकाने मोमोहचा अंगठा फोडला, दुसरा माझ्या मांडीला चिकटला तो विटेने ठेचल्यावरच सुटला. वजनं घेतली. व्हायला हवं त्याच्या सहापट! शेवग्याने चमत्कार केला. अकरा आठवडे खाद्य मिळालं नाही हे खरं, पण संपाआधी जेवढं पोटात गेलं तेवढ्याने ही करामत. दर्जा म्हणतात तो हा.

एका माशाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपूट बाहेर आली होती. 'भूक उत्तम' अशी नोंद केली.

अबुरिमे काठावर उभा. म्हणाला, मोज. म्हटलं, तोललेत. म्हणाला, वजन नाही रे बाबा, डोकी मोज. याची दृष्टी पहिल्यापासून संकुचित.

५ जून

अबुरिमेने विश्वासघात केला. म्हणतो, मोठ्यांनी बारके खाल्लेत, उपाशी मांगूर हेच करतो, दुसऱ्या वर्षाच्या पोरांना तूच शिकवतोस की. शिकवतो. पण तो साधा मांगूर. मग म्हणतो, आपण खाण्यावरच लिहू, तेवढं एकच खरं आहे यात. डाव माझ्या लगेच लक्षात आला. विषय त्याचा म्हणजे पहिलं नाव त्याचं!

दोनपर्यंत मोजलं.

स्टाफरूममध्ये आम्ही टेबलावरून खाली आलो, मग टेबल आमच्यावर आलं. त्याने माझा कान चावला, मी खुर्चीचा पाय वापरला. त्याचे पुढचे दोन दात फरशीवर. विभागप्रमुख बाईंनी बादलीभर पाणी ओतलं तेव्हा सुटलो. तोंडातलं रक्त पुसत म्हणाला, घे, पहिलं नाव तुझं, दुसरं पण तुझं, तळ्यातल्या माशांची नावं घाल हवं तर.

शेवटी जुनी मैत्री. त्याने मोठ्या मनाने जागा सोडली.

२० जून

पेपर छापून आला. पाठवल्याच्या तिसऱ्या दिवशी! मासिक आंतरराष्ट्रीय आहे, संपादकांचे मेहुणे टोगो देशात असतात. आईला फोनवर कळवलं. ती फोनवरच नाचली असावी, धप धप ऐकू आलं.

१२ ऑगस्ट

निवड समितीपुढे व्याख्यान. सुरुवात झकास. बेनिनच्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा पुसत विचारलं, तळ्यात किती सोडले होते? म्हटलं, चारशे. निघाले किती? म्हटलं, एकतीस. बाकीचे कुठे गेले, डॉक्टर?

म्हटलं, स्थलांतर.

त्या म्हणाल्या, तळ्याला चारी बाजूंनी सिमेंटची भिंत आहे ना? सभागृहात हशा फुटला. मागच्या रांगेत एकजण तर खुर्चीवरून घसरून हसत होता. मी व्यासपीठावरून थेट त्याच्या नरड्यावर उडी घेतली. ते डीन निघाले. मला बाहेर न्यायला चार रखवालदार लागले, पैकी एकाला टाके पडले. मी आजवर जपलेल्या संयमाचा हा अंत म्हणावा लागेल.

१५ ऑगस्ट

निलंबन. डावा डोळा बंद. चौकशीत सगळं स्पष्ट होईल. आईला इतक्यात काही सांगायचं नाही.

२७ नोव्हेंबर

यादी लागली. अबुरिमे प्रोफेसर झाला.

त्याचा पेपर मिळवून वाचला. उपाशी मांगूर एकमेकांना कसे खातात यावर. तळं माझं, मासे माझे, एकतीस हा आकडाही माझाच. पहिलं नाव त्याचं, दुसरं मोमोहचं. माझं शेवटी, आभारात सापडलं : 'डॉ. ओकोसून यांनी अकरा आठवडे माशांना अन्न मिळू दिलं नाही. त्यांच्याविना हा प्रयोग शक्य नव्हता.' चूक काढायला तीनदा वाचलं. चूक नाही.

संध्याकाळी आईला फोन करून सगळं सांगितलं. दातांचंही. आई म्हणाली, अबुरिमेला आई नाही ना रे? होस्टेलात असल्यापासून सुट्टीत आपल्याकडेच जेवायचा. त्याला म्हणावं, मला आई म्हण. गावात मी खोटी पडायला नको.

निरोप द्यायला त्याच्या घरी गेलो. दार त्यानेच उघडलं. मला बघताच आधी हाताने तोंड झाकलं.

म्हटलं, आईने बोलावलंय तुला.