मिठाचे दार

३ जानेवारी २०२५

मिठाची पुडी नेली, हे उत्तम झाले! करडी गावच्या बुद्धविहारात सावित्रीबाईंच्या जयंतीला बचत गटाच्या बायकांसमोर बोलायचे होते. आयोजन रक्षाचे, म्हणजे माझ्या भावजयीचे. विषय माझ्या प्रबंधाचाच: स्तनाचा कर्करोग आणि आयन चॅनेल.

'आयन चॅनेल' हा शब्द बराच वेळ उच्चारलाच नाही. तलावापासून सुरुवात केली. तलावाच्या पारीत, म्हणजे बांधात, तुडुम असते — पाणी सोडायचे दार. उघडले की पाणी पाटात, बंद केले की थांबले. पेशीच्या आवरणातही अशीच सूक्ष्म तुडुमे असतात — प्रथिनांची. सोडियमचे निराळे, पोटॅशियमचे निराळे, कॅल्शियमचे निराळे. सोडियमचे दार विजेच्या इशाऱ्यावर उघडते. मज्जातंतूत, हृदयात त्याचे खरे काम. स्तनाच्या पेशीला त्याची फारशी गरज नाही. परंतु पसरण्याच्या बेतात असलेल्या कर्कपेशींत ते आढळते — आणि किंचित उघडेच राहते! सोडियम आत झिरपते, पेशीभोवती आम्लता वाढते, शेजारचे ऊतक विरघळू लागते आणि पेशीला बाहेर पडायला वाट मिळते. हे सांगताना मी चाळणीतून मीठ सांडून दाखवले. सगळ्या पुढे सरकल्या.

"मंग त्या गाठीत मीठ जास्त जाते म्हना की जी!" — रंभाबाई, धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, मजुरीला जाणारी, पहिल्या रांगेतली.

"बरोबर ओळखलेत!" मी म्हणाले. टाळ्या.

मग तिनेच विचारले, "अन् मॅडम, तुमी सोताची तपासली काय?" हशा पिकला. प्रश्न विषयाबाहेरचा होता. मी पुढे गेले.

४ जानेवारी

रक्षाचा फोन. रंभाबाईला डाव्या बाजूला गाठ आहे. दिवाळीपासून! घरी कोणाला सांगितलेले नाही. रक्षालाही काल घरी परतताना सांगितले. "दुखत नाही, मंग कायले जायचं दवाखान्यात, म्हणते ताई." मी स्पष्ट केले: न दुखणे हे निर्धास्त राहण्याचे कारण नव्हे, सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. तिला भंडाऱ्याला पाठव, मी सोबत जाईन.

११ जानेवारी

आली नाही.

१९ जानेवारी

रंभाबाईशी फोनवर बोलले. "उपाय सुरू केला जी मॅडम! तुमीच तं सांगतलं. आता काई भेव नाही." म्हणजे दवाखान्यात जाऊन आली असावी. समाधान वाटले.

२ फेब्रुवारी

विद्यार्थ्यांसाठी टिपण पूर्ण केले. निरोगी पेशीच्या आत-बाहेर विजेचा जो फरक असतो, तो कर्कपेशीत घटलेला असतो. जणू पेशी कायम अर्धवट जागी! विभाजनाला हे सोयीचे. पोटॅशियमची काही दारे एरवी मेंदूत दिसतात, ती गाठीत सापडतात. आपल्याच देशात एक चाचणी झाली: शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती साधे भुलीचे औषध टोचले, तर पुढची काही वर्षे रोग उलटण्याचे प्रमाण कमी राहिले. हे औषध सोडियमची दारेच बंद करते. दातांच्या डॉक्टरांकडचे औषध! केवळ त्या दारांमुळेच फायदा झाला, असे मात्र अजून म्हणता येत नाही. ही सावधगिरी शेवटच्या परिच्छेदात ठेवली.

आंघोळीच्या वेळी रंभाबाईचा प्रश्न आठवला. सवडीने पाहू.

१० फेब्रुवारी

रंभाबाई काल उन्हाळी धानाच्या रोवण्यात, चिखलाच्या बांधीतच चक्कर येऊन पडली. रक्षाने कळवले. वर्ग घेऊन दुपारच्या एसटीने करडी गाठली.

ती खाटेवर पडलेली. ओठ कोरडे, पिंडऱ्यांत गोळे. मी विचारले, डॉक्टरांनी कोणते औषध दिले आहे?

"कोनते डाक्टर जी?"

"उपाय सुरू केला म्हणालात ना?"

"मंग! मीठ सोडलं नाही काय म्या! वरनात नाही, भाजीत नाही. तुमीच म्हनलं, गाठीत मीठ जाते. जाईनच नाही तं वाढीन कशी?"

रक्षा तोंडावर पदर धरून बसली. हसत होती की रडत, कळले नाही. रंभाबाई पुढे म्हणाली, "आमच्या गटातल्या अर्ध्या बायांनी सोडलं हाये. बुढे वरडून राहिले घरोघरी, जेवन गोड लागत नाही म्हून!"

तर्क निर्दोष होता. गृहीतक मी पुरवले होते. रक्तातले सोडियम शरीर काटेकोर राखते; ताटातले मीठ सोडल्याने गाठीचे दार बंद होत नाही, उलट उन्हात राबणाऱ्या बाईचे स्नायूच संपावर जातात. हे सगळे तिथेच समजावले. पुन्हा तुडुम, पुन्हा पाट. तिने शांतपणे ऐकले. मीठ-साखरेचे पाणी प्यायली.

"बरं, येतो दवाखान्यात. पन तुमी बी तपासा. नाही तं मी नाही येत. सांगाले सोपं हाये जी मॅडम."

वादाला वेळ नव्हता. कबूल केले.

१८ फेब्रुवारी

भंडारा. दोघींची तपासणी झाली. आधी ती, मग मी. यंत्राच्या खोलीतून निघताना ती दारातूनच मला ओरडून म्हणाली, "काई नाही जी, पापडावानी दाबते फक्त!" दोघींनाही सुईची तपासणी सांगितली. तिची अपेक्षित होती.

२६ फेब्रुवारी

रंभाबाईची गाठ साधी निघाली, कर्करोगाची नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचे. तिने तिथल्या तिथे चिवड्याची पुडी फोडली. "खारा हाये ना?" असे दुकानदाराला विचारून घेतला होता!

माझी साधी नाही. उजवीकडे, खोलवर, हाताला लागत नव्हती.

५ मार्च

शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात, नागपूरला. लवकर सापडली, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी गाठीभोवतीच्या भुलीच्या औषधाविषयी विचारले. पुढे सोडियमची दारे, विजेचा फरक, सगळेच सांगू लागले. त्यांनी पुरते ऐकून घेतले. "देऊ आपण. मॅडम, रात्री झोप लागते का?"



१७ मार्च

काल घरी आले. आज रंभाबाई करडीहून डबा घेऊन आली — भात, वरण, वांग्याची भाजी. पहिल्याच घासाला कळले. मी तिच्याकडे पाहिले.

"मालूम हाये जी मले, मिठानं काई होत नाही. तुमी सांगतलं. मी खातो आता बराबर." मग खाली पाहत म्हणाली, "पन तुमच्यासाठी टाकाची हिंमत नाही झाली."

मी काही समजावले नाही. सगळा डबा संपवला.