देवीच्या नावाने आणलेला कॅमेरा

पांडेसरा, सुरत
सोमवार

ती. गोपालदाजींच्या चरणी निंबाचा साष्टांग नमस्कार.

आपलं ब्लडप्रेशर कसं आहे? आजची गोळी घेतली असेल तरच पुढे वाचावं. इकडे देवीच्या कृपेने सगळं ठीक (देवी माझ्यावर रागावली आहे, ते वेगळं). फोनवर सांगायची छाती झाली नाही, म्हणून पत्र.

सप्तशृंगीचे फोटो काढतो म्हणून मी आपला कॅमेरा आणला. गडावर गेलोच नाही. इथे रिंग रोडला एक सात मजली ऑफिसची इमारत आहे, नुसती काँक्रीटची, खिडक्यांवर उन्हासाठी उभ्या पट्ट्या. चौऱ्याण्णव साली, अठराव्या वर्षी, तिचे स्लॅब मी घमेल्याने भरले. लोक तिला कुरूप म्हणतात, आणि दिवाळीनंतर ती पाडणार आहेत. एक तरी फोटो जवळ असावा असं वाटलं.

शनिवारी सकाळी गेलो. पण देवीचं नाव घेऊन खोटं बोललेलो. म्हणून आधी पायरीवर नारळ फोडला, खांबाला कुंकू लावलं, कॅमेऱ्यावरून उतरवलेलं लिंबू दारात ठेवलं (स्लॅबच्या दिवशी मुकादम असंच करायचा, इमारतीला सवय असेल असं मी धरलं). साडेनऊला ऑफिसची माणसं आली आणि लिंबाच्या अलीकडेच थांबली. गळ्यात ओळखपत्रं, पण कोणी पाय टाकेना. करणी, करणी अशी कुजबुज सुरू झाली. साहेब म्हणाले, मी असलं मानत नाही, आणि मागच्या दाराने आत गेले. मी खांबाआड कॅमेरा धरून, मनात देवीचा धावा करत उभा.

वॉचमन सुकदेव आपल्या पारोळ्याकडचा निघाला. जिवात जीव आला, तेवढ्यात तो स्वतःच्या नोकरीच्या भीतीने अहिराणीत ओरडला, "नारय नही, मनी नोकरी फोडी तू! कॅमेरा कोना शे?" मी घाबरून खरं तेच बोललो, माझा नाही. मग कॅमेरा जप्त झाला.

शोभाताईला नमस्कार. तिला यातलं निम्मंच सांगावं.

आपला,
निंबा

ता. क. शुक्रवारी आपल्याला लग्नाच्या फोटोंची ऑर्डर आहे हे लक्षात आहे. कॅमेऱ्याचं बिल घेऊन गुरुवारच्या आत यावं.

ता. क. २ कॅमेऱ्यात एकच फोटो आहे, माझ्या अंगठ्याचा. आलाच आहात तर इमारतीचा एक आपणच काढावा. मी पुढे उभा राहीन.

ता. क. ३ बिल नसलं तरी चालेल. साहेब म्हणतात, आधी लिंबू उचला, मग कॅमेरा न्या. ते तिसऱ्या दिवशीही तिथेच आहे, सगळं ऑफिस मागच्या दाराने जातं. स्वतः उतरवलेलं स्वतः उचलू नये असं आई सांगायची. आपण तर असलं काही मानत नाही ना, दाजी?