मेणाच्या नळ्यांची एजन्सी

२ मार्च १९१२
काल आईचं तेरावं झालं. तिचा आवाज मात्र माझ्याकडे आहे. दिवाळीत फोनोग्राफपुढे बसवून मेणाच्या नळीत भरून घेतला होता. वाजवली की नळी झिजते. म्हणून वर्षश्राद्धापर्यंत पेटीतून काढायची नाही. त्या दिवशी सगळ्या गणगोताला आई ऐकवायची.
सदर बाजारातल्या माझ्या दुकानात यापुढे फक्त नळ्या.

५ मार्च
समोरचा ताराचंद गायकांच्या तबकड्या विकतो. त्याला समजावलं: तबकडी नुसती बोलते, नळी ऐकूनही घेते. घरच्यांचा आवाज भरता येतो. म्हणाला, "घरचा आवाज कोन विकत घेईन गा? बायको फुकटात ऐकवून राहिली न!"
उथळ माणूस. वर्षभरात बुडेल.

११ मार्च
महाल भागात ओळखीतल्या गणपतरावांकडे गेलो. वय ऐंशी, उशीर बरा नव्हे. दार सुनेने, चंद्रकलाबाईंनी उघडलं. माझं मुंडन पाहिलं, यंत्र पाहिलं. मी म्हणालो, मामंजींचा आवाज भरून ठेवू, पुढे उपयोगी पडेल. त्या ओरडल्या, "जित्ते हायेत ते अजून!"
लोक सुधारलेले नाहीत. केस वाढल्यावर जाणार.

१७ मे
केस वाढले. गेलो. गणपतराव गेल्या महिन्यात वारले. चंद्रकलाबाईंनी विचारलं, "आता भरता येते का?"
पाणीसुद्धा विचारलं नाही.

२९ मे
उन्हाने दुकानातल्या नळ्या वाकल्या. गिऱ्हाईक म्हणालं, "मेणबत्त्या करा न भाऊ." दोष नळ्यांचा नाही, उन्हातल्या फळीचा आहे.
आईची पेटी घरी, भिंतीतल्या कपाटात आहे. उघडून पाहण्याची गरज नाही.

३ ऑक्टोबर
कलकत्त्याच्या व्यापाऱ्याने कळवलं, नळ्या यापुढे येणार नाहीत. उत्तम. माल दुर्मिळ झाला की झुंबड उडणार. मोठं दुकान पाहतो आहे.

७ मार्च १९१३
वर्षश्राद्ध. जेवणं झाल्यावर सर्वांसमोर पेटी उघडली. नळी एका बाजूने दबलेली, वर बुरशी. यंत्रावर चढेना. थोडा जोर दिला. दोन तुकडे झाले.
मग जिजामावशीने विचारलं, "काय म्हणे तुळजा त्याच्यात?"
भोंग्यात बोल म्हटल्यावर आई जे म्हणाली होती, ते सांगितलं: "कोनाशी बोलू गा? इथं तं कोनीच नाही."
मावशी रडली. म्हणाली, "अस्सीच बोले तुळजा."
धाकट्या भावाने, मार्तंडने, ताराचंदकडून ग्रामोफोन आणि अभंगाची तबकडी आणली होती. ती लावली. संपल्यावर मीच म्हणालो, दुसरी बाजू लाव.