तुमच्याकडचे रस्ते

नचिकेत बाळा,

बाबा गेले, तसा त्यांच्या नोकरीवरचा माझा इकामाही, इथे राहायचा परवाना, संपत आला. कुवेत सोडायचंच आहे, म्हणून विचारलं, अमेरिकेला तुझ्याकडे येऊ का?

तू म्हणालास, “आई, इथे बस नाही, फूटपाथ नाही. गाडीशिवाय दूधही आणता येत नाही. घरात कोंडून पडशील.”

मी बाबांच्या कपाटातलं अमेरिकेवरचं जाड पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं. महामार्ग, बंदरं, लांबच लांब मालगाड्या. तुमची रेल्वे माणसांपेक्षा मालच जास्त वाहते. तू खोटं बोलला नव्हतास.

मग शेजारच्या चारुशीलाला म्हटलं, मला गाडी शिकव. शुक्रवारी शुवैखमधली गॅरेजं बंद असतात, तिथल्या मोकळ्या रस्त्यावर बाबांचीच गाडी घेऊन शिकले. ती ओरडायची, “मंदाताई, तो ब्रेक आहे, देवाचे पाय नव्हेत. जोरात दाबा.” आता छान येते. इथेही तुमच्यासारखंच उजवीकडून चालवतात.

हे सांगायला फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. हे पत्रही पाठवणार नाही. कळलं तर तुला दुसरं कारण शोधावं लागेल. रस्त्यांचंच राहू दे. ते निदान पुस्तकात आहे.

नाशिकचं तिकीट काढलंय.

गाडी जपून चालव.

आई