बाजूच्या सीटचा ब्रेक

४ एप्रिल, सकाळी ६.१०
कंबर धरली. उजव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कुणीतरी तापलेली तार ओढतंय. कारण शोधून काढलं: नवी उशी. ही म्हणाली, उशी डोक्याखाली असते, कमरेखाली नाही. बायकोला मणक्याचं शास्त्र समजावण्यात अर्थ नसतो. आजपासून रोज वीस मिनिटं चालणार. गाडीत ताठ बसणार. दुखण्याबद्दल घरात अवाक्षर काढणार नाही.

सायंकाळी
चाललो नाही. कंबर दुखत होती. घरात अवाक्षरं काढली. बरीच.

७ एप्रिल
एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. सुरुवात दुसऱ्यांच्या गाड्या धुण्यापासून केली, आज स्वतःच्या दोन गाड्या. एक मुलीकडे, एक माझ्याकडे. शिकणारा स्टिअरिंगवर, मी बाजूच्या सीटवर, माझ्या उजव्या पायाखाली माझा स्वतंत्र ब्रेक. लोकांना वाटतं आम्ही तोंडानं शिकवतो. आम्ही पायानं शिकवतो. तोंड नुसतं धीर द्यायला.

९ एप्रिल
आज किरकोळ प्रकार. स्टिअरिंगवर बँकेतला एक कॅशिअर, उतारावरून येताना पुढे भाजीचा टेम्पो थांबला. कॅशिअर गोठला. मी ब्रेक दाबला. गाडी टेम्पोला जाऊन टेकली. टेकली, आदळली नाही. फुटपाथवर एक बाई उगाच किंचाळली.
ब्रेक ढिला आहे. उद्या मेकॅनिक.

१० एप्रिल
मेकॅनिक म्हणाला, ब्रेक लोण्यासारखा आहे. मी म्हणालो, लोण्यासारखा म्हणजे मऊच झाला ना. तो मुलीकडे बघायला लागला. मुलगी माझ्या बुटाकडे. घरचेच लोक मेकॅनिकची बाजू घेतात तेव्हा धंदा कसा चालायचा.

१४ एप्रिल
ही ऐकेना. कायरोप्रॅक्टरकडे अपॉइंटमेंट घेतली. गोळ्या नाहीत, सुई नाही, नुसत्या हातानं मणके जागेवर बसवतात म्हणे. मला पटलं. गाडीचं अलाइनमेंटसुद्धा कुणी गोळ्या देऊन करत नाही.

१६ एप्रिल, सायंकाळी ७
हाडवाल्याकडे गेलो. (कायरोप्रॅक्टर हा शब्द रोज लिहायला माझ्याकडे वेळ नाही.) मला वाटलं होतं पैलवान असेल. निघाला चष्म्यातला सडपातळ गृहस्थ, हात मात्र पान्यासारखे. कुशीवर झोपवलं, गुडघा दुमडला, बोलता बोलता दाब दिला. कडकन आवाज. गिअर पडल्यावर येतो तसा, समाधानाचा.
मग म्हणाला, टाचांवर चालून दाखवा. डावी टाच चालली. उजवीला फरशी गुळगुळीत होती. मग म्हणाला, उजव्या पायाचा अंगठा वर उचला. उचलला. तो अंगठ्याकडे बघत राहिला. म्हणाला, उचला ना. मी म्हणालो, उचललाय. माझ्या मते मी आतून उचलला होता. प्रत्येक गोष्ट बाहेरून दिसलीच पाहिजे असं नाही.
त्यानं कागदावर काहीतरी लिहून दोनदा अधोरेखित केलं. मणक्याच्या तज्ज्ञाला दाखवा, असं काहीसं. कागद डॅशबोर्डात ठेवला आहे.

२० एप्रिल
कान तीक्ष्ण असल्याचे तोटे. गल्लीच्या टोकाला कुणी गिअर चुकवला तरी मला इथे कळतं. गेला आठवडाभर घरात फट् फट् असा आवाज येतोय. शोध घेतला. माझी उजवी चप्पल. टाकून दिली, नवी आणली.

२२ एप्रिल
नवी चप्पलही वाजते. माल हल्ली बोगस येतो. तिसरी आणली.

२३ एप्रिल
ही म्हणाली, अनवाणी चालून बघा. चाललो. तरी फट्. म्हणजे फरशी पोकळ आहे. गवंड्याला बोलवायचं.

२५ एप्रिल
हाडवाला, दुसरी खेप. दोनदा कडकन. दुखणं निम्मं झालं. मी खूश. तो नाही. विचारत होता, तो कागद घेऊन कुणाकडे गेलात का. मी म्हणालो, गुण येतोय तर कशाला? म्हणाला, दुखणं कमी होणं आणि बरं होणं यात फरक आहे. स्वतःच्या कामावर विश्वास नसलेली माणसं मी पाहिली आहेत, पण एवढी नाही.

२८ एप्रिल
मुलगी म्हणाली, बाबा, या सीझनला नवशिके सगळे मी घेते. तुमच्याकडे एकच देते, पण फार अवघड केस आहे, दुसऱ्या कुणाला जमणार नाही. पोरीला अखेर बापाची किंमत कळली.

४ मे, सकाळी ८
अवघड केस आली. पन्नाशीच्या बाई, मनगटं चांगली भरलेली. सीटवर बसल्या, सीट पुढे ओढली, तिन्ही आरसे नीट केले, पट्टा लावला. मी सांगायच्या आधी. म्हणालो, घाई नको, एकेक शिकू. म्हणाल्या, हो सर.
सपाट रस्त्यावर गाडी तीनदा बंद पाडली. यात एक गंमत ऐकली. नवशिक्याच्या पायाखाली इंजिन बंद पडताना रडतं. यांच्या पायाखाली ते निवांत बंद पडतं, झोपी गेल्यासारखं. केस खरंच अवघड आहे.

९ मे
दुखणं गेलं! सकाळी उठलो तर पाय एकदम शांत. गुडघ्याखाली काहीच नाही. गरम तार नाही, मुंग्या नाहीत, काही नाही. अंघोळीचं पाणी ओतलं तर उजव्या पायाला ना गरम ना गार. तीस-पस्तीस वर्षांत इतका बिनतक्रार पाय पाहिला नव्हता.
हिला सांगितलं. हिचा चेहरा पडला. काही बायकांना नवऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही.

१२ मे, दुपारी
हाडवाला, तिसरी खेप. आज त्यानं हातच लावला नाही. डोळे मिटायला सांगितले आणि पावलावर कुठेकुठे टोचत विचारत गेला, कळतंय का. मी अंदाजानं उत्तरं दिली. दहापैकी चार बरोबर आली. आमच्याकडे सहाला पास करतात, पण हे काही माझं क्षेत्र नाही.
मग खुर्ची जवळ ओढून म्हणाला, यापुढे मी तुम्हाला हात लावणार नाही. माझं काम संपलं. थोडक्यात, तीन सिटिंगमध्ये उपचार पूर्ण. रेकॉर्ड असावं. जाताना त्यानं हिला बाहेर थांबवून काहीतरी सांगितलं. दार बंद होतं तरी दोन शब्द ऐकू आले: ‘सर्जन’ आणि ‘लवकर’. कुठल्या तरी दुसऱ्या पेशंटबद्दल असणार.
गाडी चालवू नका, असंही म्हणाला. मी कुठे चालवतो? मी शिकवतो.

१४ मे
हिनं सर्जनची वेळ घेतली होती. त्याच वेळेला बाईंचा चढावरचा हाफ क्लच होता. विद्यार्थी आधी. हिनं ताट वाढून ठेवलं आणि आत गेली. मुलगी दोन वाक्यं बोलली. मला वाटतं ती वाक्यं लागायला हवी होती. लागली नाहीत.

१९ मे
ऑफिसात मुलगी बाईंना हळू आवाजात समजावत होती: ब्रेक तुम्हीच सांभाळा, बाबा नुसते बोलतील, तुम्ही हो म्हणा. ऐकून बरं वाटलं. मी एकतीस वर्षं हेच सांगतोय की ब्रेकची जबाबदारी शिकणाऱ्यानं घेतली पाहिजे. पोरगी तयार झाली.

२३ मे, सकाळी ९.३०
आज थरार. वळणावर सायकलवाला आडवा आला. मी क्षणात ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी. सायकलवाला हात करून गेला. बाईंना म्हणालो, बघितलंत? याला म्हणतात अनुभव. म्हणाल्या, हो सर, तुम्ही होतात म्हणून. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला आला नाही. छातीत धडधड वगैरेही काही नाही. या वयात एवढं स्थिर मन असणं साधी गोष्ट नव्हे.

३ जून
बाईंची प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी. सगळं श्रेय मी घेत नाही, पण बरंचसं घेतो. अरुंद गल्लीत रिव्हर्स लावायला सांगितली. एका झटक्यात लावली. मी त्यांच्याकडे बघितलं तशी त्यांनी लगेच गाडी बंद पाडली. आत्मविश्वास कमी. टेस्टची तारीख घेऊ म्हणालो तर म्हणाल्या, नको सर, अजून भीती वाटते. २० तारीख नक्की केली.

७ जून
जिन्यात पडलो. लागलं नाही. म्हणजे लागलं, ते मोज्यातलं रक्त बघून हिनं सांगितलं. पायरी उंच आहे. गवंडी अजून आला नाही.

११ जून
बाई म्हणाल्या, सर, १५ पासून मला जमायचं नाही, कामावर रुजू व्हायचंय. काय काम करता? म्हणाल्या, मुलांना सांभाळते. मी म्हणालो, त्यापेक्षा गाडी सोपी. त्या हसल्या. मग एकाएकी गंभीर होऊन म्हणाल्या, सर, एकदा पाय दाखवून घ्या हो. हल्ली विद्यार्थीसुद्धा सल्ला देतात.

१३ जून
मुलगी नवा विद्यार्थी द्यायला तयार नाही. म्हणते, आधी डॉक्टरचं सर्टिफिकेट. ठीक आहे. परवा हाडवाल्याकडे जाऊन ‘पूर्ण बरा’ असं लिहून आणतो. तोंडावर फेकतो. तोंडावर नको. टेबलावर.

१५ जून, सकाळी ७.५०
(बाकावर बसून लिहितोय.)
चालत निघालो. क्लिनिकच्या अलीकडच्या क्रॉसिंगवर उजवं पाऊल फुटपाथच्या कडेला अडकलं. मला कळलं नाही. थेट रस्त्यात पालथा पडलो तेव्हा कळलं. मान वर केली तर डोळ्यांसमोर पिवळ्या बसचा बंपर. दोन वीत. फार तर अडीच. टायर किंचाळलं नाही, बस डोलली नाही. असा ब्रेक मी जन्मात ऐकला नव्हता. ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच.
आज शाळा सुरू झाल्या. चाळीस-एक पोरं खिडक्यांना नाकं लावून मला बघत होती. ड्रायव्हरच्या सीटवरून उडी मारून आमच्या बाई उतरल्या.
म्हणाल्या, सर, उठता येईल? बगलेत हात घालून एका दमात उभं केलं. पोरांना मागे न बघताच दरडावलं, बसा रे खाली, सर आहेत ते. मला बाकावर बसवलं, हिला फोन लावला. मग एवढी मोठी बस त्या चिंचोळ्या रस्त्यावर आरशात बघत मागे घेतली, एका हातानं, आणि गेल्या.
मी विचार करत होतो की रिव्हर्स मीच शिकवली. तो विचार पुढे गेला नाही.

१६ जून
मुलीनं सांगितलं. बाई बावीस वर्षं स्कूल बस चालवतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोकळ्या होत्या. मुलीच्या ओळखीच्या. तिनं त्यांना विनवलं, कारण बाबांना घरी बसा म्हटलं तर ऐकणार नाहीत, आणि नवशिक्याच्या शेजारी बसवणं म्हणजे त्याला ब्रेकशिवाय सोडणं. सायकलवाल्याच्या वेळी ब्रेक बाईंनी दाबला. सगळ्याच वेळी बाईंनी दाबला.
आणि ९ एप्रिलची गोष्ट. किंचाळलेली ती बाई टेम्पोच्या मागून रस्ता ओलांडून नुकतीच फुटपाथवर चढली होती. बाळाची ढकलगाडी घेऊन. मुलगी आपल्या गाडीतून मागेच होती, तिनं पाहिलं. म्हणाली, बाबा, दोन सेकंद. मग रडली.
राग यायला हवा. सकाळपासून वाट बघितली. आला नाही. लाजही नाही. जेवलो. चव लागली नाही, पण पोट भरलं.
मुलीला एवढंच म्हणालो की माझा पाय ब्रेकवरच होता. तो मी दाबला होता. ते मी कुणालाही शपथेवर सांगेन.

१८ जून, सायंकाळी ६.४५
मुलगी म्हणाली, मग दाखवा. गाडी शेडमध्ये, इंजिन बंद, मागे भिंत. ब्रेक दाबला की मागचे लाल दिवे भिंतीवर पडतात. ही भिंतीपाशी उभी. मुलगी स्टिअरिंगवर, दोन्ही पाय वर सीटवर घेऊन, मांडी घालून बसलेली. मी माझ्या जागेवर. म्हणाली, खाली बघायचं नाही. बरोबर आहे. पायाकडे बघणाऱ्याला मी स्वतः किती वेळा झापलंय.
समोर बघितलं. दाबला.
मी दाबून धरला. चांगला जोर लावून. आरशात भिंत दिसत होती, राखाडी, तिच्यावर हिची सावली. मुलगी समोर काचेतून बघत होती. शेजारच्या घरात कुणीतरी कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली. दुसरी झाली.
मग मागून हिचा आवाज आला. रागाचा नाही. दमलेला, जेवायला हाक मारताना असतो तसा.
म्हणाली, अहो, दाबा ना. कधीची उभी आहे मी.

१९ जून, सकाळी ९.१५
अकराला सर्जन. गाडी मुलगी चालवणार. तिनं पुढचं दार उघडून धरलं होतं. मी मागे जाऊन बसलो.
मागे पाय ठेवायला जागा जास्त असते.